लाकडी रोलर कोस्टर
करमणुकीच्या उद्यानांत चढउतार व वळणे असलेल्या ज्या मार्गावरून प्रवाशांची गाडी मुख्यतः गुरुत्वाकर्षणाच्या योगाने वेगाने धावते, त्या मार्गास रोलर कोस्टर म्हणतात. लाकडी व पोलादी असे त्याचे दोन मुख्य प्रकार होत. हे वर्गीकरण आधाराच्या चौकटीवरून नव्हे, तर रूळमार्गावरून करतात. न्यूयॉर्कमधील कोनी आयलंड येथील ‘सायक्लोन’ (१९२७) याची चौकट पोलादी असली, तरी रूळमार्ग लाकडी असल्याने तो लाकडी गणला जातो. उलट ओहायओ राज्यातील सीडर पॉइंट येथील ‘जेमिनी’ (१९७८) याची चौकट लाकडी असूनही तो पोलादी प्रकारात मोडतो. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून लाकडी प्रकारात उंची, वेग व उलटी वळणे यांबाबत अनेक महत्त्वाकांक्षी प्रयोग झाले. त्यांविषयी जेवढे कुतूहल निर्माण झाले, तेवढ्याच शंकाही व्यक्त झाल्या.

रचना व कार्य : लाकडी फळ्यांचे अनेक थर एकमेकांवर ठोकून रूळमार्ग तयार करतात व त्यावर पोलादाची सपाट पट्टी बसवितात. गाडीला मुख्य चाकांखेरीज बाजूची चाके व रुळाच्या खालून धावणारी तळचाके असतात. तळचाकांमुळे गाडी रुळावरून वर उचलली जात नाही. जॉन मिलर या अमेरिकन अभियंत्याने १९१९ च्या सुमारास या योजनेचे एकस्व घेतले आणि तेव्हापासून तीव्र उतार शक्य झाले.

साखळीच्या साहाय्याने गाडी पहिल्या चढाच्या माथ्यावर नेली की तिला मिळालेली स्थितिज ऊर्जा उतारावर गतिज ऊर्जेत रूपांतरित होते. उंची दुप्पट केल्यास, घर्षण सोडून दिले असता, वेगाचा वर्ग दुप्पट होतो; म्हणजेच त्याच त्रिज्येच्या वळणावर रुळाला द्यावी लागणारी केंद्रगामी प्रेरणाही दुप्पट होते. म्हणून केवळ चौकट उंच करून भागत नाही. वळणांच्या त्रिज्या वाढवाव्या लागतात आणि सांधे अधिक बळकट करावे लागतात. लाकूड भाराखाली किंचित लवते व पुन्हा पूर्वस्थितीवर येते. त्यामुळे गाडी डुलत, खडखडत धावते आणि या प्रकाराची हीच मोठी मोहिनी मानली जाते. परंतु ओलावा व उष्णता यांनी लाकूड फुगते व आकसते, खिळे सैल होतात, रुळात खळगे पडतात आणि पुढील प्रत्येक फेरीत गाडीचे हादरे ते खळगे अधिकच खोल करतात. या कारणाने लाकडी मार्गाची नियमित पाहणी व रूळबदल अटळ असतो.

इतिहास : रशियातील बर्फाच्या घसरगुंड्या हे रोलर कोस्टरचे मूळ समजतात. १८१७ मध्ये पॅरिसमध्ये चाकांच्या गाड्या असलेले मार्ग सुरू झाले. १८८४ मध्ये ला मार्कस टॉम्पसन यांनी कोनी आयलंड येथे ‘स्विचबॅक रेल्वे’ उभारली. तिचा वेग ताशी सु. १० किमी. होता. विद्यमान लाकडी मार्गांपैकी पेनसिल्व्हेनियातील ‘लीप द डिप्स’ (१९०२) हा सर्वांत जुना आहे. १९२० नंतरचे दशक हा या प्रकाराचा सुवर्णकाळ होय. पुढे महामंदीत अनेक मार्ग मोडीत निघाले. ओहायओतील किंग्ज आयलंड येथे १९७२ मध्ये सुरू झालेल्या ‘रेसर’ या मार्गाने लाकडी प्रकाराचे पुनरुज्जीवन केले. त्याच उद्यानातील ‘बीस्ट’ (१९७९) हा सु. २,२४३ मी. लांबीचा असून लाकडी मार्गांत सर्वांत लांब आहे. अमेरिकेत १९७८ मध्ये रोलर कोस्टरच्या चाहत्यांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. जुन्या लाकडी मार्गांच्या जतनासाठी तिने प्रयत्न केले.

उंचीची स्पर्धा व तिच्या मर्यादा : १९९० च्या सुमारास उंचीची चढाओढ सुरू झाली. टेक्ससमधील ‘रॅटलर’ (१९९२) याचा पहिला उतार सु. ५१ मी. होता, प्रवास फार दणके देणारा ठरल्याने १९९४ मध्ये तो सु. ३८ मी. इतका कमी करण्यात आला. सीडर पॉइंट येथील ‘मीन स्ट्रीक’ (१९९१) हाही खडबडीत म्हणून प्रसिद्ध झाला व २०१६ मध्ये बंद पडला.

या स्पर्धेचा कळस म्हणजे किंग्ज आयलंड येथील ‘सन ऑफ बीस्ट’ (२०००). त्याची उंची सु. ६६ मी. व वेग ताशी सु. १२६ किमी. होता, शिवाय त्यात पोलादी उभा फेरा होता. लाकडी मार्गावर हे सारे साधले, याचे मोठे कौतुक झाले. परंतु जुलै २००६ मध्ये चौकटीतील लाकूड तडकून रुळात खळगा निर्माण झाला. त्यावरून गाडी गेली तेव्हा बसलेल्या हादऱ्याने सत्तावीस प्रवासी जखमी झाले. त्यानंतर उभा फेरा काढून हलक्या गाड्या वापरण्यात आल्या. तरीही २००९ मध्ये तो बंद झाला आणि २०१२ मध्ये पाडून टाकण्यात आला. एवढा भार व वेग लाकडी सांधे दीर्घकाळ पेलू शकतील का, ही शंका या प्रसंगाने बळावली.

नवे तंत्र : लाकडाचे दोष दूर करण्याचे दोन प्रमुख मार्ग पुढे आले. पहिल्यात पातळ लाकडी थर चिकटवून रुळाचे भाग कारखान्यातच अचूक मापात घडवितात व जागेवर केवळ जोडतात. जर्मनीतील ‘कोलोसोस’ (२००१) व न्यू जर्सीतील ‘एल टोरो’ (२००६) ही याची उदाहरणे. त्यांची धाव पोलादी मार्गासारखी सफाईदार असल्याचे सर्वमान्य झाले. तथापि रूळ झिजल्याने ‘कोलोसोस’ २०१६ ते २०१९ या काळात बंद ठेवावा लागला, तर ‘एल टोरो’ मध्ये २०२१ साली गाडी अंशतः रुळावरून घसरली व २०२२ मध्ये चौदा प्रवासी जखमी झाले. दुरुस्तीनंतर २०२३ मध्ये तो पुन्हा सुरू झाला.

दुसऱ्या मार्गात लाकडी थरांच्या माथ्यावर पोलादाचा जाड तुकडा बसवितात. अमेरिकेतील रॉकी माउंटन कन्स्ट्रक्शन या कंपनीने या तंत्राने मिसूरी राज्यात ‘आउटलॉ रन’ (२०१३) उभारला. ८१ अंशांचा उतार व प्रवाशांना उलटे करणारी तीन वळणे त्यात आहेत. टेनेसीतील ‘लाइटनिंग रॉड’ (२०१६) येथे साखळीऐवजी विद्युत् चुंबकीय प्रेरणेने गाडी वेगाने चढावर फेकण्याची योजना होती. ती वारंवार बंद पडू लागल्याने प्रथम अर्ध्याहून अधिक रूळमार्ग पोलादी करण्यात आला आणि २०२४ मध्ये पुन्हा साखळीच बसविण्यात आली. याच कंपनीने ‘मीन स्ट्रीक’ च्या लाकडी चौकटीवर संपूर्ण पोलादी रूळ बसवून २०१८ मध्ये ‘स्टील व्हेंजन्स’ सुरू केला.

मूल्यमापन : या प्रयोगांविषयी मतभेद आहेत. पोलादाच्या आधाराने जुन्या चौकटी वाचल्या व प्रवास सुसह्य झाला, असे एक मत. तर रूळ पोलादी झाल्यावर लाकडी मार्गाचे वैशिष्ट्यच उरत नाही, असे दुसरे. १९४७ मध्ये बांधलेला व १९८५ मध्ये पेनसिल्व्हेनियात हलविलेला ‘फीनिक्स’ अवघा सु. २४ मी. उंच असूनही चाहत्यांत अत्यंत लोकप्रिय आहे. टेकड्यांचे अंतर व वक्रता नेमकी साधल्याने प्रवासी आसनावरून वारंवार अलगद उचलला जातो, हे त्याचे रहस्य होय. नव्या आराखड्याची उंची व वेग पहिल्या दिवशीच मोजता येतात. लाकूड आपला आकार किती काळ टिकवते, हे मात्र अनेक उन्हाळे-हिवाळे लोटल्यावरच कळते. म्हणून विक्रमांइतकेच देखभालीच्या खर्चाला व चिकाटीला महत्त्व देणे, हाच या प्रयोगांचा मुख्य धडा ठरला आहे.