पहाटे चारची रेघ

वसई पूर्वेला स्टेशनच्या आसपास असते तशीच ती इमारत. तळाला दुकानं, वर क्लासेस, दोन दवाखाने, एक जिम. कमिटीची तक्रार एकच होती: कॉमन मीटरचं बिल फुगतंय आणि कारण सापडत नाही. आम्ही मीटररूममध्ये पंपाच्या वायरीवर एक सीटी अडकवली. सीटी म्हणजे वायर न तोडता तिच्यातून किती करंट जातो ते मोजणारी कडी. आठवड्याभराने मोबाइलवर आलेख उघडला, तर रोज रात्री अडीचला सुरू झालेली एक सपाट रेघ पहाटे चार उलटले तरी तशीच पुढे चाललेली.

गच्चीवर गेलो. टाकीच्या ओव्हरफ्लो पाइपाखाली हिरवंगार शेवाळ. भर मे महिन्यात. फ्लोट स्विचची दोन टोकं वायरच्या तुकड्याने थेट जोडून टाकलेली, म्हणजे टाकी भरली तरी पंप थांबणार नाही. ‘फ्लोट अडकायचा साहेब, पाणीच चढायचं नाही,’ वॉचमनकाका म्हणाले. ते अडीचला पंप लावत आणि जाग येईल तेव्हा बंद करत. ज्या इमारतीत उन्हाळ्यात टँकर मागवावा लागतो, तिथे रोज पहाटे पाणी गच्चीवरून गटारात जात होतं.

5 एचपीचा पंप रोज 2 तास जास्त चालला तर महिन्याला 220 च्या वर युनिट होतात. ते शोधून काढायला एआय लागलं नाही. एक कडी लागली आणि आलेख बघणारा एक माणूस. सेन्सर आणि एआयबद्दल हल्ली जे ऐकू येतं, त्यातला निम्मा गोंधळ इथेच सुटतो. उरलेला निम्मा मात्र चिवट आहे.

‘हे बीकेसीतल्या काचेच्या टॉवरचं काम, आपल्याकडे कशाला?’

हा समज अगदीच हवेतून आलेला नाही. व्यापारी इमारतींसाठीची केंद्राची ऊर्जा संवर्धन संहिता 2007 मध्ये आली, 2017 मध्ये सुधारली. पण ती लिहिली गेली 100 किलोवॉट जोडभार किंवा 120 केव्हीए करार मागणी आणि त्यावरच्या इमारती डोळ्यांसमोर ठेवून. वसई-विरारमधली बहुतेक शॉपिंग सेंटरं आणि छोटी रुग्णालयं त्या रेषेच्या खालीच राहतात. त्यामुळे कायदा आपला नाही, तंत्रही आपलं नाही, असा अर्थ काढला गेला.

पण वाया जाणारी वीज आणि पाणी ही रेषा बघत नाहीत. उलट मोठ्या टॉवरमध्ये निदान पगारी इंजिनीअर असतो. आपल्याकडे मालक चाळीस आणि जबाबदार कुणीच नाही. वालीव, सातिवली, गोखिवऱ्याच्या औद्योगिक गाळ्यांत हे जास्तच दिसतं. प्रत्येकाचा मीटर वेगळा, म्हणून आपापल्या बिलावर सगळ्यांचं लक्ष. जिन्यातले दिवे, बोअर, सामायिक पॅनेल यांना वाली नाही. माझ्या मते इथली खरी अडचण पैशाची कमी आणि ‘निर्णय कोण घेणार’ याची जास्त आहे.

आणि भिंती फोडाव्या लागत नाहीत. सीटी वायरीवर बसते. टाकीच्या झाकणाला आतून लावलेला अल्ट्रासॉनिक सेन्सर आवाजाची लहर पाण्यावर सोडतो आणि ती परत यायला किती वेळ लागला त्यावरून पातळी सांगतो. याचा एक फायदा विक्रेते सांगत नाहीत, मी सांगतो. जमिनीखालची टाकी 4 मीटर लांब, 3 मीटर रुंद असेल, तर पाण्याचा एक सेंटीमीटर म्हणजे 120 लिटर. 10 हजार लिटरचा टँकर रिकामा झाला की पातळी 83 सेंटीमीटरने वर यायला हवी. 65 नेच आली, तर पावतीवर सही करण्याआधी बोलायला हरकत नाही. सूर्या योजनेचं पाणी वसई-विरारला 2023 च्या अखेरीस मिळू लागलं, तरी टँकरचे भोंगे पूर्ण बंद झालेले नाहीत.

‘एआय बसवलं की बिल निम्म्यावर’

या वाक्याचं मूळ बहुधा 2016 सालात आहे. गूगलच्या डीपमाइंडने त्या वर्षी जाहीर केलं की त्यांच्या डेटा सेंटरमध्ये थंडाव्यासाठी लागणारी वीज एआयमुळे 40 टक्क्यांपर्यंत कमी झाली. आकडा खरा. पण तो थंडाव्याच्या विजेचा होता, अख्ख्या बिलाचा नव्हता. आणि ते होतं डेटा सेंटर, जिथे हजारो सेन्सर आधीपासून नोंदी करत होते आणि यंत्रणा शिकली ती त्या जुन्या नोंदींवर. ज्या इमारतीत आजवर महिन्याला एकदा मीटरचा फोटो निघतो, तिथे एआयने शिकायचं कशावरून? आधी काही महिने मोजावं लागतं. आणि मोजायला लागलं की उघडीवाघडी गळती माणसालाच दिसते. ती बंद केल्यावर एआयसाठी जे उरतं ते कामाचं असतं, पण निम्मं नसतं.

मग एआय नेमकं करतं काय? या इमारतीचा मंगळवार एरवी कसा असतो हे त्याला कळतं. आजचा मंगळवार वेगळा दिसला की ते बोट ठेवतं: दुसऱ्या मजल्यावरचा एसी नेहमीइतकाच चालतोय, पण करंट जास्त घेतोय, कॉइल साफ केव्हा केली होती? उद्याच्या उकाड्याचा अंदाज घेऊन हॉल किती वाजता थंड करायला लागायचं, हेही ते ठरवू शकतं. चुकतंही. लग्नाच्या हॉलचं वेळापत्रक पंचांगावर चालतं, वसईत नाताळच्या आठवड्यात दुकानं रात्री उशिरापर्यंत उघडी असतात. कुणी सांगितलं नाही तर यंत्राला ती गर्दी म्हणजे बिघाड वाटते.

याच्या जोडीला व्हीएफडीवाले येतात. व्हीएफडी मोटरचा वेग कमी-जास्त करते, आणि पंख्याचा वेग 80 टक्क्यांवर आणला की त्याला लागणारी वीज जवळपास निम्मी होते, हे खरंय. वीज वेगाच्या घनाप्रमाणे बदलते. मोठ्या एसी यंत्रणेच्या ब्लोअरला, कूलिंग टॉवरच्या पंख्याला जरूर लावा. पण तोच हिशेब गच्चीवर पाणी चढवणाऱ्या पंपाला लावून दाखवतात, तिथे सावध राहा. गच्चीची उंची काही वेगाबरोबर कमी होत नाही. वेग फार उतरवला तर पंप नुसता घरघरतो, पाणी वर पोचतच नाही.

आणखी एक, चालता चालता. ‘रात्रीची वीज स्वस्त, म्हणून पंप रात्री’ हे पूर्वी टीओडी, म्हणजे दिवसाच्या वेळेनुसार बदलणारे दर लागू असलेल्यांच्या बाबतीत बरोबर होतं. रात्री 10 ते सकाळी 6 सवलत असे. 2025 च्या दररचनेत सवलत सौर तासांत, म्हणजे सकाळी 9 ते संध्याकाळी 5 मध्ये आली. काकांची अडीचची ड्युटी त्या हिशेबानेही जुनी झाली आहे. आपल्या जोडणीला टीओडी लागू आहे का, ते बिलावर बघून मग टायमर लावावा.

‘18 वर ठेवला की लवकर थंड होतं, आणि एसी आहे म्हणजे हवा खेळती आहे’

दोन्ही चूक, दुसरं जास्त धोक्याचं. साधा स्प्लिट एसी 18 वर ठेवा की 24 वर, कॉम्प्रेसर सुरुवातीला तितकाच जोर लावतो. 18 वर तो थांबत नाही, एवढाच फरक. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या म्हणण्याप्रमाणे तापमान एक अंशाने वर नेलं की साधारण 6 टक्के वीज वाचते. म्हणूनच 1 जानेवारी 2020 पासून नव्या स्टार लेबलच्या रूम एसींमध्ये 24 अंश हे ठरवून दिलेलं सेटिंग आहे. आपल्या खाडीकाठच्या हवेत मात्र नुसतं तापमान मोजून भागत नाही. जुलैत 24 अंशांतही अंग चिकट होतं, कारण त्रास गरमीपेक्षा दमटपणाचा. आर्द्रता मोजणारा सेन्सर सोबत असला की ‘थंड होत नाही’ आणि ‘कोरडं होत नाही’ यांतला भेद कळतो.

सेन्सर लावायची जागाही बघावी. एका कार्यालयात तो झेरॉक्स मशीनच्या बरोब्बर वर होता. मशीन गरम झालं की सेन्सरला उन्हाळा वाटायचा आणि पलीकडची मुलगी शाल घेऊन बसायची. असल्या सेन्सरवर जगातलं सर्वांत हुशार एआय बसवलं तरी ते शालच वाढवणार.

आता खेळत्या हवेचं. भिंतीवरचा स्प्लिट एसी खोलीतलीच हवा पुन्हा पुन्हा थंड करतो, बाहेरची आत आणत नाही. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड साधारण 420 पीपीएम असतो. खिडक्या बंद करून पन्नास मुलं बसवलेल्या क्लासमध्ये तो 1000 च्या पार सहज जातो, आणि तसं झालं म्हणजे बाहेरची हवा पुरेशी येत नाही. तिसऱ्या तासाला पोरं पेंगतात ती दर वेळी गणितामुळेच असं नाही. इथे सेन्सर एक्झॉस्ट पंख्याला जोडावा: गर्दी वाढली की पंखा सुरू, मुलं गेली की बंद.

‘म्हणजे आता आपल्यावर पाळत’

स्वच्छतागृहाबाहेरचा दिवा लावणारा पीआयआर सेन्सर शरीराच्या उष्णतेची हालचाल ओळखतो. कोण आलं ते त्याला कळत नाही. कार्बन डायऑक्साइडचा सेन्सर तर श्वासापलीकडे काहीच जाणत नाही. कॅमेरे आणि चेहरा ओळखून हजेरी लावणारी यंत्रं वेगळी, तिथे शंका रास्त आहे. त्यासाठी 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. माहिती कुठे साठते, किती दिवस राहते, कोण बघतं हे विक्रेत्याला लेखी विचारावं. दिवे वाचवायला चेहरा लागत नाही.

‘नेट गेलं, लाइट गेली, की सगळं ठप्प’

स्वस्तातली यंत्रणा घेतली तर होतंही. म्हणून पंप बंद करायचा निर्णय पॅनेलमधल्या कंट्रोलरनेच घ्यावा. क्लाउडवर फक्त नोंदी जाव्यात. बिनतारी सेन्सर वायफायवरच चालतात असंही नाही. 865 ते 867 मेगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे परवान्याविना खुला आहे, त्यावरचे लोरा (कमी विजेवर लांब पोचणारं बिनतारी तंत्र) सेन्सर बॅटरीवर वर्षं काढतात. नेटपेक्षा मला पाण्याची भीती जास्त. जुलै 2018 च्या पुरात वसई पाण्याखाली गेली, बऱ्याच भागांत वीज दीर्घकाळ नव्हती, आणि तरी आजही नव्या इमारतींची मीटररूम तळमजल्यावर जमिनीलगत दिसते. तिथे गेटवे, म्हणजे सेन्सरांच्या नोंदी गोळा करून पुढे पाठवणारा डबा, बसवायचा तर छताजवळ बसवा. शिवाय खारी हवा. टर्मिनल गंजतात, रीडिंग हळूहळू सरकतं, वर्षातून एकदा ताडून बघावंच लागतं.

‘एकदा बसवलं की माणसं लागत नाहीत’

23 एप्रिल 2021 च्या पहाटे विरारच्या एका रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागली आणि 13 रुग्ण त्याच दिवशी गेले. आगीची सुरुवात एसी यंत्रणेतून झाली असं तेव्हा सांगितलं गेलं. सेन्सर असते तर ती टळली असती असं म्हणणं बेजबाबदार ठरेल. ते कुणी म्हणत असेल तर त्याच्याकडून काहीही विकत घेऊ नका. करंटवर नजर ठेवणारी यंत्रणा जादा लोड, तापलेला जॉइंट आधी दाखवू शकते. दाखवू शकते, एवढंच. पहाटे 3 वाजता तो इशारा कुणाच्या फोनवर जातो, त्या माणसाला मेन स्विच कुठे आहे हे ठाऊक आहे का, दार उघडायची किल्ली कुणाकडे आहे, हे सॉफ्टवेअरमध्ये नसतं. महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून फॉर्म बी, म्हणजे आगविरोधी यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, द्यावा लागतो. सेन्सर लावले म्हणून तो चुकत नाही. धोक्याच्या भोंग्याची वायर ‘सारखा वाजतो’ म्हणून काढून ठेवलेली मी किती ठिकाणी पाहिली, ते मोजणं सोडलंय.

आणि आमची पहिली इमारत? नवा फ्लोट बसवला, वायरचा तुकडा काढला, पंपाला दुपारचा टायमर लावला. ती रेघ गेली. दोन महिन्यांनी एका सकाळी आलेख उघडला तर रात्री अडीचला पुन्हा तीच, सपाट. फोन केला. ‘काका, वायर परत जोडलीत का?’

‘टँकर रात्री आला ना साहेब,’ काका म्हणाले, ‘तुमचा टायमर दुपारी चालतो. सकाळी सहाला जिमवाल्यांना अंघोळीला पाणी कोण देणार?’

बरोबर होतं. टायमरच्या जोडीला एक बटण द्यायचं आम्हीच विसरलो होतो.