जाळ नाही, मग दूध तापते कसे?



आता पुष्कळ घरांत गॅसच्या शेजारी इंडक्शन शेगडी आली आहे. तिच्यावर लोखंडी तवा लगेच तापतो, पितळेचे पातेले मात्र थंडच राहते. कारण विचारले की बहुतेक मुले सांगतात, "सर, चुंबक लोखंडाला ओढते म्हणून." पण नुसत्या ओढण्याने काही तापत नाही. फ्रिजच्या दारावर चिकटवलेले चुंबक वर्षानुवर्षे तिथेच असते, दार कुठे गरम होते?

खरी करामत आहे बदलत्या चुंबकीय क्षेत्राची. चुंबकीय क्षेत्र बदलत राहिले की जवळच्या धातूत वीज वाहू लागते, हे मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये दाखवले. शेगडीच्या काचेखाली तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. घरातल्या विजेची आवर्तने सेकंदाला ५०. शेगडी ती २०,००० च्या वर नेते. मग नर्मदेच्या पाण्यात भोवरे पडावेत तसे भांड्याच्या बुडात विजेचे प्रवाह गोल फिरू लागतात. हिंदीत त्यांना 'भँवर धारा' म्हणतात, आणि मला तोच शब्द जास्त आवडतो. लोखंडात हे भोवरे पृष्ठभागालगतच्या अगदी पातळ थरात, मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी जागेत, दाटतात. तिथे त्यांना अडथळा फार होतो आणि त्यातूनच उष्णता निघते. तांब्या-पितळेला चुंबक चिकटत नाही. त्यांत हा थर जाड होतो, प्रवाहाला वाट मोकळी मिळते. स्टीलची सगळी भांडीही चालत नाहीत. दुकानात जाताना खिशात चुंबक न्यावे आणि बुडाला लावून पाहावे.

गंमत म्हणजे हेच भोवरे आपल्या भेलला नको असतात! १९५६ साली 'हेवी इलेक्ट्रिकल्स' या नावाने स्थापन झालेल्या या कारखान्यात मोठमोठे ट्रान्सफॉर्मर बनतात. त्यांच्या आतला लोखंडी गाभा अखंड ठेवला तर तो शेगडीवरच्या तव्यासारखा तापेल आणि वीज वाया जाईल. म्हणून सुमारे ०.३ मिलिमीटर जाडीचे, विद्युतरोधक लेप दिलेले पत्रे एकावर एक रचून तो तयार करतात. भोवऱ्यांना पसरायला जागाच उरत नाही. ज्यांचे आजोबा भेलमध्ये होते त्यांनी हे पत्रे कसे रचतात ते घरीच विचारावे. पुस्तकापेक्षा चांगले समजेल.

पालकांना विनंती: काच भांड्यामुळे तापते, म्हणून भांडे उतरवल्यावर लहान मुलांना लगेच हात लावू देऊ नये. घरात कोणाला पेसमेकर बसवला असेल तर शेगडी वापरण्यापूर्वी डॉक्टरांना जरूर विचारावे.

— प्राचार्य