शेवटचे पाच मिलिग्रॅम

नैराश्यावरची गोळी बंद केली की काही जणांना त्रास होतो, ही गोष्ट पहिल्या गोळीइतकीच जुनी आहे. स्वित्झर्लंडमधल्या म्युन्स्टरलिंगेनच्या मनोरुग्णालयात रोलांड कून यांना इमिप्रामिनचा गुण दिसला आणि 1957मध्ये त्यांनी तो जाहीर केला. त्यानंतर दोनच वर्षांनी कॅनडातल्या डॉक्टरांनी नोंदवलं, की हे औषध एकदम थांबवलेले रुग्ण आजारी पडतात. 1961मध्ये न्यूयॉर्कच्या क्रेमर, क्लाइन आणि फिंक या तिघांनी लक्षणांची यादीच दिली: मळमळ, उलट्या, डोकेदुखी, गरगरणं, थंडी वाजणं, अंग मोडून येणं. एवढं सगळं छापून आलेलं असूनही रुग्णाचं म्हणणं दवाखान्यात खरं मानलं जायला पुढं जवळपास साठ वर्षं गेली. ती कशी गेली ते पाहण्यासारखं आहे, कारण त्या उशिराचा भार अजून आपल्या घराघरांतली माणसं वाहताहेत.

1987च्या डिसेंबरात अमेरिकेत फ्लुओक्सेटिनला, म्हणजे प्रोझॅकला, मंजुरी मिळाली. मागोमाग सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन, व्हेन्लाफॅक्सिन आली. जुन्या औषधांपेक्षा ही सुरक्षित होती आणि साध्या फॅमिली डॉक्टरलाही लिहून देता येत होती. 'सवय लागत नाही' हे वाक्य याच काळात डॉक्टरांच्या तोंडी बसलं. व्यसन लागत नाही या अर्थी ते बरोबरही होतं. या गोळीची कुणाला तलफ येत नाही, डोस चढवत न्यावासा वाटत नाही. पण तलफ नाही म्हणजे शरीराला औषधाची सवय झालीच नाही, असा अर्थ त्यातून काढला गेला, आणि तो साफ चुकीचा होता. मेंदू महिनोन्महिने औषधाशी जुळवून घेतो. औषध गेलं की त्याला उलट दिशेनं पुन्हा जुळवून घ्यावं लागतं, आणि त्याला वेळ लागतो.

1998मध्ये एक अभ्यास आला. बऱ्या झालेल्या रुग्णांच्या गोळ्या पाच ते आठ दिवस गुपचूप बदलून त्यांना औषध नसलेल्या गोळ्या दिल्या गेल्या. पॅरॉक्सेटिनवरच्या 66 टक्के आणि सर्ट्रालिनवरच्या 60 टक्के लोकांना त्रास झाला, फ्लुओक्सेटिनवरच्या फक्त 14 टक्क्यांना. कारण सरळ आहे. पॅरॉक्सेटिनचं रक्तातलं प्रमाण साधारण एका दिवसात निम्म्यावर येतं. फ्लुओक्सेटिन आणि त्याच्यापासून शरीरात तयार होणारं द्रव्य आठवडेच्या आठवडे रेंगाळतं, म्हणजे ते आपलं आपणच हळूहळू उतरतं. या अभ्यासाला पैसा होता फ्लुओक्सेटिन विकणाऱ्या एली लिली कंपनीचा. प्रतिस्पर्ध्यांचं उणं दाखवण्यात तिचा फायदा होता, हे विसरू नये. तरी निष्कर्ष खरा ठरला, आणि डॉक्टर मंडळींनी तो फारसा मनावर घेतला नाही, याचं मला जास्त वाईट वाटतं.

मनावर घेतला तो सामान्य माणसांनी. ऑक्टोबर 2002मध्ये बीबीसीच्या 'पॅनोरमा'नं पॅरॉक्सेटिनवर, ब्रिटनमधल्या नावानं सेरोक्झॅटवर, कार्यक्रम केला आणि फोन-पत्रांचा पूर आला. डोकं हलवलं की आत करंट बसल्यासारखं होतं, असं एकमेकांना न ओळखणारी कितीतरी माणसं सांगत होती. त्यानंतर 2003मध्ये सेरोक्झॅटच्या कंपनीनं माहितीपत्रक बदललं. बंद करताना त्रास होण्याचं प्रमाण आधी 0.2 टक्के सांगितलं जात होतं, ते 25 टक्के झालं.

तरीही 2004च्या ब्रिटिश मार्गदर्शक सूचनांत हा त्रास सहसा सौम्य असतो आणि आठवडाभरात आपोआप जातो, असंच लिहिलेलं होतं. ज्याचा त्रास दोन महिने टिकला त्याला या वाक्यामुळं एकच उत्तर मिळायचं: तुमचा आजार परत आलाय, गोळी चालू करा. किती माणसांनी अशी वर्षानुवर्षं गोळी घेतली असेल, याचा हिशेब कधीच लागणार नाही.

वास्तविक दोन्हींत फरक करता येतो. गोळी कमी केल्यावर दोन-चार दिवसांत सुरू झालेली चक्कर, मळमळ, विचित्र ठसठशीत स्वप्नं, डोक्यातले झटके, विनाकारण रडू किंवा चिडचिड ही बहुधा औषध सुटण्याची लक्षणं. डोस पूर्ववत केला की ती बहुधा लवकर ओसरतात. आजार उलटतो तो सहसा आठवड्या-महिन्यांनी, दबक्या पावलांनी, आणि त्यात डोक्यात करंट बसत नाही.

खरा बदल 2019 साली झाला. मानसोपचाराचं प्रशिक्षण घेणारे मार्क होरोविट्झ यांनी नैराश्यावरच्या औषधांवरच पीएचडी केली होती. स्वतःचं एसिटालोप्राम सोडताना मूळ आजारापेक्षा भयंकर दिवस काढावे लागले, हे त्यांनी जाहीरपणे सांगितलं आहे. औषधतज्ज्ञ डेव्हिड टेलर यांच्याबरोबर त्यांनी 'लॅन्सेट सायकिअॅट्री'त मेंदूच्या स्कॅनच्या आधारे एक आलेख मांडला. एसिटालोप्रामच्याच जातीच्या सिटालोप्रामचे 60 मिलिग्रॅम मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनाला वाहून नेणाऱ्या प्रथिनांपैकी सुमारे 88 टक्के अडवतात. 20 मिलिग्रॅम? तरीही 80 टक्के. 9 मिलिग्रॅमला 70, 5च्या थोडं वर 60, आणि सव्वादोनलासुद्धा 40 टक्के. एखाद्या गडाचं पठार असावं तसा हा आलेख आहे: वर कितीही चाललात तरी उंची फारशी कमी होत नाही आणि मग एकदम कडा लागतो. साठावरून वीसवर माणूस सुखरूप येतो. 'आता काय, अगदी लहान गोळी उरलीय, बंदच करा' असं म्हटलं, की तो कोसळतो.

आपल्याकडे मेडिकलमध्ये एसिटालोप्रामची सर्वांत लहान गोळी सहसा 5 मिलिग्रॅमची मिळते. ढोबळमानानं ती 10 मिलिग्रॅम सिटालोप्रामच्या बरोबरीची, म्हणजे तिच्यावरून शून्यावर येणं ही सत्तर टक्क्यांवरून मारलेली उडी आहे. यावर उपाय म्हणून अनेक जण एक दिवसाआड गोळी घेतात. लवकर उतरणाऱ्या औषधांच्या बाबतीत हे फार वाईट. रक्तातलं प्रमाण रोज वर-खाली हिंदकळत राहतं. रोज घ्यायची, पण कमी कमी, हा मार्ग बरा. नेदरलँड्समध्ये पीटर ग्रूट आणि जिम व्हॅन ओस यांनी त्यासाठी दिवसागणिक घटत्या डोसच्या पुड्यांची पट्टीच तयार करवली. 2022च्या ब्रिटिश सूचनांनीही अखेर हेच स्वीकारलं: दर टप्प्याला आधीच्या डोसचा ठरावीक हिस्सा, उदाहरणार्थ निम्मा, कमी करा, खाली येत जाल तसा पावच, आणि गोळीचे तुकडे पुरेनासे झाले की द्रव औषध वापरा.

चित्राची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. 2024मध्ये एका मोठ्या विश्लेषणात 79 अभ्यास एकत्र तपासले गेले. औषध बंद केल्यावर 31 टक्के लोकांना लक्षणं दिसली, पण औषध नसलेली गोळी बंद करणाऱ्यांतही 17 टक्क्यांना दिसली. तीव्र त्रास सुमारे 35 जणांत एकाला. यातले बरेच अभ्यास थोडे आठवडेच औषध घेतलेल्यांचे होते, म्हणून वर्षानुवर्षं घेणाऱ्यांना हा आकडा जसाच्या तसा लावणं मला पटत नाही. पण बहुतेकांचं सुरळीत सुटतं, हे खरं आहे. 2021च्या एका ब्रिटिश चाचणीत बऱ्या वाटणाऱ्या जुन्या रुग्णांपैकी गोळी चालू ठेवलेल्यांत 39 टक्के जणांचा आजार वर्षभरात उलटला, सोडलेल्यांत 56 टक्के जणांचा. म्हणजे सोडण्याला धोका आहे, आणि न सोडणाऱ्यालाही अभय नाही. काहींनी ही गोळी घेत राहणंच शहाणपणाचं असतं, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आपल्या घरांत मात्र गोळी कधी सोडायची हे ठरवतं कोण? लग्न ठरलं की आई ठरवते. 'आता बरी आहेस ना, मग कशाला ती डोक्याची गोळी' म्हणून सासू ठरवते. पाकीट संपलं आणि महिनाअखेर असली की खिसा ठरवतो. एकाही कारणाचा मेंदूशी संबंध नाही, आणि त्रास सुरू झाला की दोष रुग्णाच्या कमकुवत मनाला. हे थांबलं पाहिजे.

म्हणून गोळी सुरू होते त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा: किती दिवस घ्यायची, आणि सोडायची कशी? सोडायची वेळ आली की निवांत काळ निवडा. परीक्षा, बाळंतपण, नोकरीबदल नको. घरातल्या एकाला तरी सांगून ठेवा, काय होतंय ते रोज दोन ओळींत लिहा, त्रास वाढला तर मागच्या डोसवर थांबा आणि डॉक्टरांना फोन करा. जगू नये असं वाटू लागलं तर एक तासही वाट पाहू नका. टेलिमानस या सरकारी मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि तिथं मराठीत बोलता येतं.