आजोबांचा राजा उडी मारतो!

मे महिन्यात रायपूरला दुपारी घराबाहेर पाऊल टाकवत नाही. मग कूलर लावायचा, पडदे ओढायचे आणि माळ्यावरचा बुद्धिबळाचा पट खाली काढायचा. कित्येक वर्षांनी पट उघडला, की दहा मिनिटांत भांडण ठरलेले! नातवाने प्यादे दोन घरे सरकवले, की आजोबा गरजतात, "अरे, प्यादे एकच घर चालते!" थोड्या वेळाने आजोबांचा राजाच घोड्यासारखा उडी मारून कोपऱ्याकडे सटकतो आणि नातू ओरडतो, "आजोबा, ही तर चक्क लबाडी!"

लबाडी मुळीच नाही. आजोबा खेळतात ते देशी बुद्धिबळ. त्यात किल्लेकोट नाही. त्याऐवजी राजाला डावात एकदाच अडीच घरांची उडी मिळते. शेवटच्या घरात पोहोचलेल्या प्याद्याचा हवा तेव्हा वजीर होत नाही, ज्या मोहऱ्याचे ते घर, तेच मोहरे मिळते. सगळी मोहरी गमावून राजा एकटा उरला, तर बुर्जी. आणि प्याद्याने केलेली मात सर्वांत मानाची! प्यादी सावकाश चालत असल्याने डावही सावकाश रंगतो. दुपार काढायला याहून चांगला खेळ कोणता?

हे नियम कच्चे होते असे कुणी समजू नये. पंजाबचा मीर सुलतान खान याच पद्धतीत तयार झाला, विलायती नियम मागाहून शिकला आणि 1929, 1932 व 1933 साली ब्रिटिश विजेता ठरला. पुढे स्पर्धांमध्ये विलायती नियमच रुळले. 1955 साली एलुरूच्या पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेत रामचंद्र सप्रे संयुक्त विजेते झाले. 2022 मध्ये रायपुरातच आंतरराष्ट्रीय ग्रँडमास्टर स्पर्धा भरली, तर 2025 मध्ये शेजारच्या नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा विश्वचषक जिंकला. मुलांनी घड्याळ लावून तेच बुद्धिबळ शिकावे, यात वावगे काही नाही.

पण आजोबांचे नियम बहुधा कुठल्याच वहीत नसतात. ते गावागणिक थोडे बदलतात, म्हणून पुस्तकातही आपल्या घरचा खेळ नेमका सापडेल असे नाही. तेव्हा या सुट्टीत एक डाव नातवाच्या नियमांनी मांडा, दुसरा आजोबांच्या. आजोबा बोलतील ते सुनेने किंवा नातीने लिहून घ्यावे. पहिला प्रश्न हाच विचारावा: राजाला एकदा शह बसून गेला, तर उडी मिळते की नाही?