लंडनचं वार्तापत्र : बँकेची वाट आणि वेळापत्रक

युनिव्हर्सिटी ऑफ ईस्ट लंडनचा डॉकलँड्स कॅम्पस रॉयल अल्बर्ट डॉकच्या काठावर आहे. पश्चिमेला कॅनरी वॉर्फचे मनोरे दिसतात. जेपी मॉर्गन, बार्कलेज, मॉर्गन स्टॅनली यांची कार्यालयं तिथलीच. पॉप्लरला गाडी बदलली की लगेच पोचता येतं. पण या विद्यापीठातून इन्व्हेस्टमेंट बँकिंगमध्ये शिरणारे मोजकेच.

विद्यापीठांची उतरंड इथे कुणी मोठ्यानं बोलत नाही, तरी ती सगळ्यांना पाठ असते. ऑक्सफर्ड, केंब्रिज, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, इम्पीरियल, यूसीएल, वॉरिक ही बँकांची ‘टार्गेट’ विद्यापीठं. १९९२च्या कायद्यानंतर अनेक पॉलिटेक्निक विद्यापीठं झाली, ईस्ट लंडन त्यांतलंच. इतकी वर्षं लोटली तरी त्यांची ओळख ‘पोस्ट-९२’ हीच.

आपल्याकडच्या पालकांना वाटतं, सगळा प्रश्न गुणांचा आहे. बँका सहसा ‘टू-वन’ मागतात, म्हणजे साठ टक्क्यांच्या पुढचे गुण, आणि ते मिळवणारी मुलं प्रत्येक विद्यापीठात असतात. मुलं अडतात ती वेळापत्रकापाशी. पदवीचं पहिलं वर्ष जेमतेम सुरू झालेलं असताना ‘स्प्रिंग वीक’चे अर्ज निघतात. ईस्टरच्या आसपास बँकेत काही दिवस घालवायचे. तिथे नजरेत भरलेल्यांना पुढच्या वर्षीच्या उन्हाळी इंटर्नशिपचं बोलावणं लवकर येतं. ही नऊ-दहा आठवड्यांची इंटर्नशिप चांगली झाली की नोकरी, आणि पदवीधरांच्या बऱ्याचशा जागा अशाच भरतात. त्यात अर्ज येतील तसे तपासले जातात, त्यामुळे शेवटच्या तारखेला भरणाऱ्यासाठी जागा उरेलच असं नाही. मोठ्या विद्यापीठांत हे सीनियर सांगतात, फायनान्स सोसायटी मुलाखतींचा सराव घेते. ज्याच्या नात्यागोत्यात बँकेतलं कुणी नाही, त्याच्या कानावर ‘स्प्रिंग वीक’ येतं तेव्हा दुसरं वर्ष उजाडलेलं असतं.

२०१६ साली सोशल मोबिलिटी कमिशननं या क्षेत्राचा अहवाल काढला. सुटाखाली तपकिरी बूट घातलेला उमेदवार काही बँकर्सना खटकतो, ही त्यातली गोष्ट वर्तमानपत्रांनी उचलून धरली. मला त्याहून गंभीर वाटतं ते ‘पॉलिश’विषयीचं निरीक्षण. बोलण्या-वागण्यातली सफाई मुलाखतीत गुणवत्तेइतकी मोलाची ठरते, आणि ती सफाई घरातून आणि महागड्या शाळेतून येते. हा अन्याय आहे, आणि बँका त्यात आपलंच नुकसान करून घेतात.

आडवाटा आहेत. बिग फोर लेखापरीक्षण कंपन्यांच्या डील सल्ला विभागात दोन-तीन वर्षं काढून बँकेत जाणारे बरेच आहेत. छोट्या सल्लागार बँका वर्षभरात केव्हाही तीन ते सहा महिन्यांची ‘ऑफ-सायकल’ इंटर्नशिप देतात. एसईओ लंडन ही संस्था २०००पासून, या क्षेत्रात ज्यांचं कुणी नाही अशा घरांतल्या मुलांना तयार करते. गोल्डमन सॅक्सनं २०२१ मध्ये बर्मिंगहॅमला कार्यालय उघडलं, त्यामुळे लंडन हा एकच पत्ता राहिलेला नाही.

महाराष्ट्रातून एक वर्षाच्या मास्टर्सला येणाऱ्यांची कोंडी सर्वांत मोठी. सप्टेंबरात घर शोधायचं, बँक खातं उघडायचं, आणि त्याच आठवड्यांत पुढच्या वर्षीच्या जागा भरत असतात. शिक्षणानंतर दोन वर्षं राहू देणारा ग्रॅज्युएट व्हिसा १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना १८ महिन्यांचाच मिळणार आहे. कर्ज काढून येणाऱ्या घरांनी हे हिशेबात धरलंच पाहिजे. प्रवेश पक्का झाला की विमानाची वाट न पाहता जुलै-ऑगस्टपासून बँकांची पानं रोज पाहावीत आणि अर्ज निघाला की त्याच आठवड्यात भरावा. पाठोपाठ ऑनलाइन चाचणी येते, मग कॅमेऱ्यासमोर एकट्यानं उत्तरं रेकॉर्ड करायची मुलाखत. तिचा सराव नागपुरात किंवा सांगलीत बसूनही होतो.