हैदराबाद पोलिसांचा फुटबॉल-संघ आणि आमचीं मुलें

मराठवाड्याचा वारसा सांगावयास बसलें कीं संत, मंदिरें व मुक्तिसंग्राम हे विषय आपोआप तोंडीं येतात. फुटबॉलचें नांव कोणी घेत नाहीं. वास्तविक नांदेड व लातूर हीं गांवें १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यांत होतीं. उच्च शिक्षण, वरचें न्यायालय, मोठी नोकरी यांसाठीं आमच्या वडीलधाऱ्यांची वाट हैदराबादेसच जात असे. नांदेडकरांस तर मनमाड-सिकंदराबाद लोहमार्ग दारींच होता. त्याच राजधानींतील पोलिसांच्या फुटबॉल-संघानें १९५० ते १९५४ अशीं लागोपाठ पांच वर्षें मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला. ही स्पर्धा १८९१ पासूनची. शिवाय १९५० सालींच ड्युरँड चषकाच्या अंतिम सामन्यांत या संघानें कलकत्त्याच्या मोहन बागानचा पराभव केला. तो क्लब १८८९ मध्यें स्थापन झालेला, म्हणजे देशांतील अत्यंत जुन्या व मानाच्या क्लबांपैकीं एक.

आजच्या अर्थानें हैदराबादचा हा संघ व्यावसायिक नव्हता. खेळाडू पोलीस खात्याचे नोकर असत. मोठाल्या रकमांचे करार तेथें नव्हते. मग एवढें यश आलें कोठून? आमच्या मतें त्याचें पुष्कळसें श्रेय एका शाळामास्तराकडे जातें.

सय्यद अब्दुल रहीम यांचा जन्म १९०९ चा. उस्मानिया विद्यापीठाचे हे पदवीधर व्यवसायानें शिक्षक होते. १९५० पासून पोलिसांच्या संघाचें व राष्ट्रीय संघाचेंहि शिक्षण त्यांच्या हातीं आलें. त्यांची रीत अस्सल शिक्षकाची होती. मुलांचा जो पाय दुबळा, त्याच पायानें चेंडू मारावयाचा, अशा स्पर्धा ते भरवीत. दुसऱ्या स्पर्धांत चेंडू एकट्यानें खेळवीत नेण्यास मनाई असे. तो सोबत्याकडे दिलाच पाहिजे. पहिल्या नियमानें उणीव भरून निघे, दुसऱ्यानें अहंकार उतरे.

या शिक्षणाचें फळ साऱ्या देशास मिळालें. १९५१ सालीं दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धेंत सुवर्णपदक आलें. पुढच्याच वर्षीं हेलसिंकी येथें युगोस्लाव्हियाकडून दहा विरुद्ध एक असा दारुण पराभव झाला; आमचे बहुतेक गडी त्या वेळीं अनवाणी खेळत होते. त्यानंतर बूट सक्तीचे झाले, आणि १९५६ सालीं मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्यें भारत चौथा आला. उपांत्य फेरी गांठणारा तो पहिला आशियाई संघ होय. १९६२ सालीं जाकार्ता येथें दक्षिण कोरियास दोन विरुद्ध एक असें हरवून पुन्हा सुवर्णपदक मिळविलें, तेव्हां रहीम यांस कर्करोगानें ग्रासलें होतें. ११ जून १९६३ रोजीं ते वारले. २०२४ सालीं त्यांच्या जीवनावर 'मैदान' हा चित्रपट निघाला.

येथें एक नाजूक गोष्ट बोलली पाहिजे. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामाची राजवट संपली. तत्पूर्वींच्या दिवसांच्या स्मृति आमच्या कित्येक घरांत अजूनहि हलक्या आवाजांतच निघतात. त्या जखमा ओल्या असतांच, अवघ्या दोन वर्षांनीं, त्याच शहरांतील एक मुसलमान शिक्षक भारताचा संघ घडवूं लागला. जाकार्ताच्या अंतिम सामन्यांत बंगालचे प्रदीपकुमार बॅनर्जी व पंजाबचे जर्नेलसिंग यांनीं गोल केले. कर्णधार होते चुनी गोस्वामी. जुन्या दुःखाची आठवण ठेवणाऱ्यांनीं हीहि आठवण जवळ ठेवावी, असें आम्हांस वाटतें.

आतां अलीकडची गोष्ट पाहा. पुण्याचा व्यावसायिक क्लब २०१९ सालीं बंद पडला व त्याच्या जागीं हैदराबादेंत नवा क्लब निघाला. २०२२ सालीं त्यानें इंडियन सुपर लीग जिंकली. २०२५ सालीं तोहि दिल्लीस गेला. पैशाच्या सोयीनें क्लब गांवें बदलूं शकतो. गल्लींतल्या मुलांस दुबळा पाय वापरावयास शिकविणारा मनुष्य मात्र त्या त्या गांवींच निपजावा लागतो.

आज लातूर व नांदेड हीं शिकवणीवर्गांचीं गांवें झालीं आहेत. 'लातूर पॅटर्न' सर्वत्र प्रसिद्ध आहे, आणि गरिबाघरचें मूल त्यायोगें डॉक्टर होतें ही लहान गोष्ट नव्हे. परंतु अभ्यासाचा तास वाढला कीं पहिली कात्री खेळाच्या तासास लागते. परीक्षा हा आमच्या मुलांचा भक्कम पाय. साऱ्या घराचें बळ त्यावरच खर्च होतें. पराभव पचविणें, सोबत्यावर विसंबणें, धापा टाकीत असतांहि शुद्धीवर राहणें, हा दुसरा पाय लुळा राहतो.

एकत्र कुटुंबांतील आजोबांस आमची एवढीच विनंति आहे कीं, सायंकाळचा एक तास नातवांचा व नातींचा खेळासाठीं राखण्याचें काम त्यांनीं आपल्याकडे घ्यावें. आईबापांचा जीव परीक्षेंत गुंतलेला असतो. त्यांच्यानें हें होणार नाहीं. आणि मूल धुळीनें माखून परत आलें कीं त्यास प्रथम हातपाय धुवावयास सांगावें. राहिलेल्या गणितांची चौकशी जेवणानंतर करावी.