समांतर आज्ञावलींचे स्वयंचलित कार्यमान-निदान

अनेक प्रक्रियकांवर एकाच वेळी चालणारी संगणकाची आज्ञावली अपेक्षेपेक्षा मंद का चालते, याचा शोध दुसऱ्या आज्ञावलीकरवी घेण्याची पद्धती. मंद आज्ञावलीचे उत्तर बरोबर असू शकते. दोष असतो तो वेळेचा आणि म्हणूनच तो सहजी नजरेस येत नाही. उदा., १०० प्रक्रियकांना काम वाटून दिले असता ९९ जणांनी आपला वाटा ८ सेकंदांत संपविला व एकाला १० सेकंद लागले, तर पुढील टप्प्यापूर्वी सर्वांना एकत्र यावयाचे असल्यास ९९ प्रक्रियक प्रत्येकी २ सेकंद नुसते थांबून राहतात. वेळेच्या नोंदीत हा अपव्यय त्या ९९ प्रक्रियकांच्या नावावर पडतो. कारण मात्र शंभराव्यापाशी असते.

पूर्वी तज्ञ मंडळी नोंदींचे आलेख पाहून ही उकल करीत. प्रक्रियक हजारोंनी वाढल्यावर ते अशक्यप्राय झाले. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात बार्टन मिलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘पॅराडिन’ हे साधन तयार केले (वर्णन प्रसिद्ध १९९५). आज्ञावली का, कोठे व केव्हा मंदावते, असे तीन प्रश्न ते विचारते. प्रतीक्षेत फार वेळ जातो काय, यासारखे स्थूल गृहीतक आधी तपासले जाते. ते ठरीव मर्यादेबाहेर खरे ठरल्यास शोध विशिष्ट उपविभागापर्यंत किंवा प्रक्रियकापर्यंत नेला जातो. मापनाच्या आज्ञा चालू आज्ञावलीत जरुरीपुरत्याच घालून नंतर काढून घेतल्या जातात, ही यातील खरी कल्पकता होय. मापनालाही वेळ लागतो. सर्वच मोजू गेल्यास मापनामुळे आलेला मंदपणाच मोजला जाईल.

जर्मनीतील यूलिख येथील संशोधन केंद्राच्या पुढाकाराने विकसित झालेले ‘स्कॅलास्का’ हे साधन निराळ्या मार्गाने जाते. घटनांची नोंद करून ते तीत प्रतीक्षेचे परिचित आकृतिबंध शोधते, उदा., संदेश घेणारा वेळेवर हजर, पण पाठविणारा मागे पडलेला. हा शोधही अनेक प्रक्रियकांवर समांतरपणेच चालतो. प्रतीक्षेपासून उलट मागोवा घेत मूळ विलंबापर्यंत पोहोचण्याची रीत २०१० मध्ये मांडण्यात आली.

मर्यादा किती ठेवावी, हे मात्र माणसालाच ठरवावे लागते. ती फार खाली ठेवल्यास क्षुल्लक दोषांची गर्दी होते, फार वर ठेवल्यास खरा दोष निसटतो. शिवाय विषमता दिसली, तरी ती वाटणीतील चुकीमुळे आहे की प्रश्नाच्या स्वरूपामुळे, हे साधन सांगत नाही. जागतिक हवामानाच्या गणनात सूर्यप्रकाशाच्या प्रारणाचे काम दिवस असलेल्या गोलार्धातच निघते; तेव्हा कामाचा भार सूर्याबरोबर सरकत राहतो.